काळ्या ऑइलवर वर्कशॉप गरम करायचंय? तेल आधी, चिमणी नंतर, बर्नर सगळ्यात शेवटी

वापरलेल्या इंजिन ऑइलचा बर्नर बनवणारे बहुतेक लोक सुरुवात वेल्डिंगपासून करतात. बॉडी कापली, पाइप जोडला, भोकं पाडली, आणि मग ड्रममधलं जसं असेल तसं ऑइल ओतून काडी लावली. मग धूर येतो, तेल तडतडतं, चिमणीतून काजळी पडते, दोन दिवसांत नीडल व्हॉल्व्ह (तेलाचे थेंब कमी-जास्त करणारा बारीक व्हॉल्व्ह) चोक होतो आणि सगळा दोष डिझाइनवर जातो. डिझाइनचा प्रश्न फार थोड्या वेळा असतो. गडबड तेलात असते, नाहीतर चिमणीत, नाहीतर पेटवायच्या क्रमात. म्हणून इथे बर्नर मुद्दाम चौथ्या टप्प्यावर ठेवलाय, त्याआधीचं झाल्याशिवाय ग्राइंडर हातात घेऊ नका.

खाली जे सांगतोय ते वरून हवा घेणाऱ्या, थेंबाथेंबाने तेल पडणाऱ्या साध्या बर्नरबद्दल आहे, ब्लोअर नसलेल्या. ब्लोअरवाल्याबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

१. आधी जागा बघा, सगळ्या वर्कशॉपमध्ये हे चालत नाही

लाकूडकाम होत असेल आणि बारीक भुसा हवेत उडत असेल तर हा बर्नर तिथे लावू नका. पेंट, थिनर, पेट्रोल उघडं हाताळलं जात असेल तरी नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीवरून सरपटत जाते आणि लांबच्या ज्वाळेपर्यंत पोचते, त्यामुळे "मी तर दुसऱ्या कोपऱ्यात कार्बोरेटर धूत होतो" याला काही अर्थ नसतो. वर्कशॉप घराला चिकटून असेल, वर कोणी झोपत असेल, तर विषय तिथेच संपवा.

काळं ऑइल जाळण्याचे नियम जागोजागी वेगळे आहेत, काही ठिकाणी घरगुती पातळीवर पूर्ण मनाई आहे. तुमच्याकडे काय आहे ते आधी विचारा, आणि इमारतीचा विमा असेल तर त्यांनाही विचारा, कारण आग लागल्यावर पहिला प्रश्न तोच येतो.

ताज्या हवेसाठी कायम उघडं राहणारं भोक लागतं, निदान चिमणीच्या तोंडाएवढं. दार किलकिलं ठेवीन म्हणून चालत नाही, थंडीत ते दार कोणीतरी लावतंच. आणि एक्झॉस्ट फॅन: बर्नर चालू असताना फॅन लावला की तो खोलीतली हवा ओढतो, चिमणीचा ओढा उलटा होतो आणि सगळा धूर आत. वेल्डिंगच्या धुरासाठी फॅन लागतच असेल तर त्या वेळी बर्नर बंद.

थांबा: कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. त्याचा अलार्म लावल्याशिवाय पुढचा एकही टप्पा करू नका. डोकं जड होणं, मळमळ, चक्कर, असं काही वाटलं की आधी स्वतः उघड्यावर या, बाकीच्यांना बाहेर बोलवा, कारण शोधायला आत परत जाऊ नका.

कोरड्या पावडरचा नाहीतर फोमचा फायर एक्स्टिंग्विशर दाराजवळ ठेवा, बर्नरजवळ नाही, कारण आग लागली की बर्नरजवळ जाताच येणार नाही. सोबत कोरड्या वाळूची बादली. पाणी कधीच नाही, जळत्या तेलावर पाणी पडलं की त्याची क्षणात वाफ होते आणि जळतं तेल चारी बाजूंना उडतं.

२. तेल तयार करणं (सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, जाऊ द्या)

कुठलं तेल घ्यायचं? इंजिन ऑइल, गिअर ऑइल, हायड्रॉलिक ऑइल, स्वयंपाकाचं जुनं तेलसुद्धा. कुठलं अजिबात नाही? कूलंट मिसळलेलं, ब्रेक फ्लुइड, ट्रान्सफॉर्मरमधलं जुनं तेल, आणि ज्यात ब्रेक क्लीनर किंवा डिग्रीझर ओतलेलं असेल ते. काही क्लीनरमध्ये क्लोरीन असलेली सॉल्व्हंट्स असतात, ती जळली की हायड्रोजन क्लोराइड आणि फॉस्जीनसारखे विषारी वायू तयार होतात. गॅरेजमधून फुकट मिळालेल्या ड्रममध्ये लोकांनी काय काय ओतलंय ते कोणालाच माहीत नसतं, म्हणून मी तर म्हणेन की ज्या ड्रमचा इतिहास माहीत नाही तो घेऊच नका, फुकट असला तरी.

आता खरा शत्रू म्हणजे पाणी. पाण्याची वाफ झाली की ते साधारण १७०० पट जागा घेतं. गरम तव्यात तेलाखाली चमचाभर पाणी गेलं तरी तेल बाहेर फेकलं जातं आणि तेही पेटलेलं. पाणी काढायचा सोपा उपाय म्हणजे वेळ. ड्रम उभा, न हलवता, ऊबदार जागी दोन-तीन आठवडे ठेवा. तेल ऊबदार असलं की पातळ होतं आणि पाणी, गाळ लवकर खाली बसतो, थंडीत तेच काम महिनाभर रेंगाळतं. ड्रमला कॉक बसवायचा तो तळापासून निदान १० सेंटीमीटर वर, आणि तळाला वेगळा कॉक फक्त गाळ-पाणी काढायला. वरचं तेल वापरायचं, तळातलं ज्या गॅरेजमधून आणलं तिथे परत द्या नाहीतर वापरलेलं ऑइल घेणाऱ्याकडे जमा करा. जमिनीत नाही, गटारात नाही.

तेलाचा रंग दुधाळ चहासारखा दिसत असेल तर पाणी तेलात पूर्ण मिसळलंय, ते नुसतं ठेवून सुटत नाही, असलं तेल बाजूला काढा.

मग गाळणी. आधी जाड जाळी, मग १०० मायक्रॉनच्या आसपासची बारीक जाळी. थंड तेल बारीक जाळीतून जाता जात नाही म्हणून लोक जाळी काढूनच टाकतात, आणि मग नीडल व्हॉल्व्हमध्ये धातूचा कीस, गॅस्केटचे तुकडे अडकतात. घाई नको, रात्रभर गळत ठेवा.

तपासा, पाणी: लोखंडी पत्र्याचा तुकडा उकळत्या पाण्यापेक्षा बराच गरम करा, साधारण १३० ते १५० अंश, आणि डोळ्यांवर गॉगल लावून त्यावर तेलाचे दोन-तीन थेंब टाका. तडतडलं तर पाणी आहे. शांतपणे पसरलं तर ठीक.

तपासा, पेट्रोल: आधी वास घ्या. मग उघड्यावर, साठ्यापासून लांब, लोखंडी चमच्यात थोडंसं थंड तेल घेऊन पेटती काडी वर धरा. साधं इंजिन ऑइल थंड असताना काडीने भडकत नाही, ते पेटायला २०० अंशांच्या आसपास तापावं लागतं. लगेच भपकन पेटलं तर त्यात पेट्रोल किंवा थिनर आहे, तो ड्रम या कामाला बाद.

ही दोन्ही तपासण्या प्रत्येक नव्या ड्रमला करायच्या. मागचा ड्रम चांगला निघाला म्हणून हा चांगला असेलच असं नाही.

३. चिमणी

ब्लोअर नसलेल्या बर्नरमध्ये हवा ओढायचं काम चिमणीच करते, म्हणून चिमणी हे इंजिन समजा. १२५ ते १५० मिलीमीटर व्यासाचा स्टीलचा पाइप, बर्नरपासून वर निदान चार-साडेचार मीटर, शक्यतो सरळ उभा. भिंतीतून आडवा काढून बाहेर वळवणं सोपं वाटतं पण प्रत्येक वळणाला ओढा कमी होतो आणि काजळी तिथेच साठते. वळण घ्यावंच लागलं तर ४५ अंशांचं घ्या, ९० चं टाळा, आणि तिथे साफ करायला झाकण ठेवा. टोक छपराच्या वर आलं पाहिजे, छपराच्या कडेला अडकलेलं नको, नाहीतर वारा फिरला की धूर आत.

गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पाइप वापरू नका, ना चिमणीच्या खालच्या भागात ना बर्नरमध्ये. तापल्यावर जस्ताचा धूर निघतो आणि त्याने ताप भरतो, अंग दुखतं.

पातळ सिंगल पाइप लाकूड, प्लायवुड, थर्माकोल, वायरिंग यांच्यापासून निदान ४५ सेंटीमीटर लांब ठेवा. छपरातून जाताना दुहेरी भिंतीचा, इन्सुलेशनवाला तुकडाच पाहिजे. इथेच सगळ्यात जास्त आगी लागतात, आणि लगेच नाही लागत, लाकूड महिनोन्महिने तापून कोरडं होत जातं आणि मग एके दिवशी पेटतं.

तपासा: चिमणी उभी झाली की खालच्या तोंडाशी अगरबत्ती नाहीतर कागदाची पातळ पट्टी धरा. धूर वर ओढला गेला पाहिजे. थंड चिमणीत ओढा कमी दिसणं साहजिक आहे, मग आत थोडा कागद जाळून परत बघा. तरीही धूर खोलीत येत असेल तर उंची वाढवा. बर्नर चांगला केला की ओढा येईल, असं होत नाही.

४. बर्नर बनवणं

बॉडीसाठी माझी पसंती दोन्ही बाजूंनी उघड्या जाड स्टील पाइपला, भिंत ४ ते ६ मिलीमीटर, व्यास ३०० च्या आसपास, उंची ६०० ते ७००. गॅसचे सिलेंडर कापायचे व्हिडिओ भरपूर आहेत पण रिकाम्या दिसणाऱ्या सिलेंडरमध्ये गॅस उरतो, बहुतेक ठिकाणी तो सिलेंडर आपल्या मालकीचाही नसतो, तेव्हा त्या वाटेला जाऊच नका. थिनरचे, केमिकलचे ड्रम तर कापायचेच नाहीत, आतली उरलेली वाफ ग्राइंडरच्या ठिणगीने फुटते.

बॉडीला खाली पत्रा वेल्ड करून पाय लावा म्हणजे जमिनीला आच लागणार नाही, आणि खाली काँक्रीट किंवा विटा, लाकडी फ्लोअरिंग नको. आत तळाशी तेल जळायची वाटी ठेवायची, त्याला गाडीचा जुना ब्रेक ड्रम किंवा जाड बिडाची वाटी उत्तम, १५० ते २०० मिलीमीटरची. पातळ पत्र्याची वाटी वाकते आणि तेल एका बाजूला साठतं. वाटी वेल्ड करू नका, सुटी ठेवा, रोज बाहेर काढून खरवडायची आहे. आणि ठेवताना लेव्हल लावून बघा, तिरकी वाटी हे अर्धवट जळण्याचं अगदी साधं कारण आहे आणि कोणी तपासत नाही.

वरच्या झाकणाच्या मधोमध ७५ मिलीमीटरचा जाड पाइप उभा खाली सोडायचा, त्याचं खालचं टोक वाटीच्या तळापासून २५-३० मिलीमीटर वर. हवा याच पाइपातून खाली येणार आणि तेलाचे थेंबसुद्धा याच्याच मधून पडणार. पाइपाच्या खालच्या एक तृतीयांश भागात ८ मिलीमीटरची भोकं, ओळींमध्ये, बोटभर अंतराने आणि एकाखाली एक न येता आलटून पालटून. सुरुवातीला भोकं कमी पाडा. ज्वाळा धुरकट राहिली तर आणखी पाडता येतील, जास्त पाडलेली बुजवत बसणं फार कटकटीचं. पाइपाच्या वरच्या तोंडाला सरकतं झाकण, त्यानेच हवा कमी-जास्त करायची, पण ते पूर्ण बंद होणार नाही असा एक स्टॉपर वेल्ड करा.

चिमणीचं तोंड बॉडीच्या वरच्या भागात बाजूला. झाकण आणि बॉडीच्या मध्ये सिरॅमिकची नाहीतर ग्लास फायबरची दोरी, तिथून हवा शिरली तर ती वाटीपर्यंत जात नाही, वरच्यावर चिमणीत जाते आणि खाली धूर होतो.

५. तेलाची लाइन

छोटी टाकी घ्या, १० लिटरच्या वर नाही. मोठी टाकी म्हणजे सारखं भरायला नको हे खरं, पण काही सुटलं तर तेवढंच तेल आगीत जाणार. टाकी बर्नरपासून निदान दोन मीटर लांब, बर्नरपेक्षा उंच, पण कधीच बर्नरच्या डोक्यावर नाही. खाली ट्रे, ज्यात टाकीतलं सगळं तेल मावेल.

लाइन तांब्याची किंवा स्टीलची, आतून ८ मिलीमीटर तरी, थंड तेल बारीक नळीतून वाहतच नाही. प्लास्टिकची, रबरी नळी नको, एक इंचाचा तुकडासुद्धा नको. टाकीला लागून एक बॉल व्हॉल्व्ह, दाराकडून हात पोचेल असा. त्याच्यापुढे तापमान वाढलं की आपोआप बंद होणारा फायर व्हॉल्व्ह मिळाला तर जरूर लावा. मग बर्नरजवळ नीडल व्हॉल्व्ह, त्याने थेंब ठरवायचे.

सगळ्यात महत्त्वाचं: लाइन बर्नरला थेट जोडायची नाही. नळीचं टोक हवेच्या पाइपावर थोडं उंच ठेवा, म्हणजे थेंब मोकळ्या हवेतून पडताना डोळ्याला दिसेल. याने आच आणि वाफ लाइनमध्ये मागे जात नाही, आणि तेल चालू आहे की थांबलंय हे लांबून कळतं.

किती तेल सोडायचं? एका लिटरमध्ये साधारण १० किलोवॉट-तासांची उष्णता असते, त्यातली काही चिमणीतून जाणारच. एका गाडीच्या गॅरेजएवढ्या जागेला तासाला पाऊण ते एक लिटर पुरतं. बर्नर पेटवायच्या आधीच हे माप घ्या: नळीखाली मेजरिंग कप धरा, एक मिनिट मोजा, १६-१७ मिलिलिटर आलं म्हणजे तासाला एक लिटर. व्हॉल्व्हच्या मुठीवर खूण करा. लोक हे करत नाहीत, अंदाजाने उघडतात आणि वाटी तेलाने भरून बसतात.

६. पेटवणं, याच क्रमाने

१. अलार्म चालू, हवेचं भोक उघडं, एक्झॉस्ट फॅन बंद, आसपास चिंध्या, स्प्रेचे डबे नाहीत.

२. वाटी कोरडी आणि थंड आहे ना ते बघा. कालचं तेल उरलं असेल तर पुसून घ्या.

३. चिमणीच्या तोंडाशी कागद जाळून ओढा सुरू करा.

४. वाटीत कागदाचा बोळा किंवा रॉकवूलचा तुकडा, त्यावर दोन-तीन चमचे रॉकेल किंवा डिझेल. पेट्रोल नाही, थिनर नाही, थोडंसंसुद्धा नाही. लांब काडीने पेटवा, तोंड पाइपाच्या वर आणू नका.

५. झाकण बसवा, हवा पूर्ण उघडी, आणि दहा-पंधरा मिनिटं काहीच करू नका. वाटी तापायला हवी. तेल स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते, आणि वाफ गरम वाटीवरच होते. इथे धीर सुटतो, लोक दोन मिनिटांत तेल सोडतात, ते थंड वाटीत साठतं, मग वाटी तापल्यावर सगळं एकदम उफाळतं.

६. आता थेंब सुरू करा, ठरवलेल्या मापाच्या अर्ध्याने. ज्वाळा स्थिर झाली की हळूहळू वाढवा, प्रत्येक बदलानंतर पाचेक मिनिटं थांबा.

तपासा: बाहेर जाऊन चिमणीच्या टोकाकडे बघा. धूर दिसायला नको. काळा धूर म्हणजे तेल जास्त किंवा हवा कमी. पांढरट, उग्र वासाचा धूर म्हणजे तेलाची वाफ न जळता जातेय, तो जास्त धोकादायक. आत ज्वाळा लख्ख पिवळी-पांढरी आणि एकसारखा घुमणारा आवाज असला की बरोबर, लाल-नारिंगी आणि आळशी ज्वाळा असेल तर हवा वाढवा.

थांबा, ज्वाळा विझली तर: तेल ताबडतोब बंद करा आणि परत काडी लावू नका. गरम बॉडीत तेलाची वाफ भरलेली असते, काडी लावली की स्फोटासारखा भडका होतो आणि झाकण उडतं. हवा उघडी ठेवा, लांब व्हा, वाटी हाताला थंड लागेपर्यंत थांबा, मग पुसून पहिल्यापासून. तास गेला तर जाऊ दे.

७. चालू असताना

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. खोली गरम झाली की टाकीतलं तेलही गरम होतं, पातळ होतं, आणि व्हॉल्व्ह तसाच असूनही थेंब वाढतात. थेंब वाढले की आच वाढते, खोली आणखी तापते, थेंब आणखी वाढतात. सकाळी थंडीत लावलेलं सेटिंग दोन तासांनी भलतंच जास्त झालेलं असतं. उलट टाकीतली पातळी उतरली की दाब कमी होऊन थेंब मंदावतात. म्हणून पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी बघा, नंतर दर अर्ध्या तासाने, आणि बर्नर चालू असताना वर्कशॉप सोडून जाऊ नका, जेवायलासुद्धा नाही.

चिमणीच्या पाइपावर चुंबकाचं थर्मामीटर लावा. १५० अंशांच्या बरंच खाली राहत असेल तर काजळी आणि चिकटा साठणार, ३०० च्या वर जात असेल तर तेल जास्त आहे. बॉडीचा तळ लाल दिसायला लागला की तेल बंद. अशा वेळी घाबरून हवेचं झाकण दाबून बसवायचं नाही आणि वरचं झाकणही उघडायचं नाही, आत उरलेलं तेल शांतपणे जळून जाऊ दे. चिमणीतून रेल्वेसारखा आवाज येऊ लागला तर आतली काजळी पेटलीये, तेल बंद करा, बाहेर पडा, अग्निशमन दलाला फोन करा.

चालू बर्नरच्या टाकीत तेल भरू नका. विझवा, थंड होऊ द्या, मग भरा.

ब्लोअर लावणाऱ्यांसाठी: वीज गेली की ब्लोअर थांबतो पण तेल पडतच राहतं. त्यामुळे तेलाच्या लाइनवर वीज नसताना बंद राहणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह ब्लोअरच्याच वायरिंगवर हवाच. तो नसेल तर ब्लोअर लावू नका.

८. बंद करणं आणि साफसफाई

आधी नीडल व्हॉल्व्ह, मग टाकीचा बॉल व्हॉल्व्ह. हवा उघडीच. वाटीतलं तेल संपून ज्वाळा आपोआप विझेपर्यंत तिथेच थांबा, साधारण दहा-वीस मिनिटं जातात. नीडल व्हॉल्व्हवर एकट्यावर रात्रभर भरवसा ठेवायचा नाही, तो थेंब थेंब गळतो आणि सकाळी वाटी भरलेली मिळते.

दुसऱ्या दिवशी, पूर्ण थंड झाल्यावर, वाटी काढून कडक कार्बनचा थर खरवडा. थर साठला की थेंब त्यावर पडून बाजूला घरंगळतात आणि ज्वाळा एकांगी होते. पाइपाची भोकं तारेने मोकळी करा.

ही राख साधी लाकडाची राख नाही. इंजिनची झीज आणि तेलातले ॲडिटिव्ह यांच्यामुळे तिच्यात जस्त, शिसं असे जड धातू असतात. चांगला मास्क आणि हातमोजे घाला, झाडूने उडवू नका, बंद डब्यात भरा आणि धोकादायक कचरा जिथे घेतात तिथे द्या. झाडांना, बागेत अजिबात टाकू नका.

चिमणी सुरुवातीला दोन आठवड्यांनी उघडून बघा. आत कोरडा राखाडी थर दिसला तर महिन्याने साफ केलं तरी चालेल. काळी, तेलकट, हाताला चिकटणारी काजळी दिसली तर आधी तेलाची पाणी-तपासणी परत करा, मग वाटीची लेव्हल, मग हवा, आणि हे तिन्ही ठीक असेल तरच पाइपाला नवीन भोकं पाडा.